फिशआय आणि फिल्टर: वरच्या वातावरणाचा उजेड मोजताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: थंड केलेला मोनोक्रोम कॅमेरा आणि सगळं आकाश एकाच चित्रात टिपणारी फिशआय लेन्स हाताशी आहे. लांब एक्सपोजरमध्ये आकाशात फिकट पट्टे दिसतात, कधी अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाशही मिळतो. यातून वरच्या वातावरणाबद्दल खरोखर काही मोजता येईल, की नुसती देखणी चित्रंच मिळणार?

मोजता येतं, आणि बरंच काही. मात्र चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलबद्दल तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: हा उजेड कोणत्या वर्णरेषेचा (म्हणजे कोणत्या ठरावीक तरंगलांबीचा), तो कोणत्या उंचीवरून आला आणि तो किती आहे. तिन्हींची उत्तरं कॅमेऱ्यापेक्षा फिल्टर, कॅलिब्रेशन आणि भूमितीत आहेत, म्हणून पैसा आणि वेळ आधी तिथे घालवावा. ८० ते ३०० किलोमीटरचा थर तसाही हाताला न लागणारा आहे. फुगे तिथवर पोचत नाहीत, उपग्रह त्याच्या खालच्या भागात टिकत नाहीत आणि रॉकेट काही मिनिटं डोकावून खाली येतं. रात्रभर, दर मिनिटाला त्या थराकडे बघायचं तर त्याचा स्वतःचा उजेड हे सर्वांत स्वस्त साधन आहे.

आधी रेषा ओळखून घेऊ. ५५७.७ नॅनोमीटरची हिरवी रेषा ऑक्सिजनच्या सुट्या अणूची आहे. आँगस्ट्रॉमने ती १८६८ मध्ये नोंदवली, पण ती ऑक्सिजनची आहे हे १९२५ मध्ये मॅक्लेनन आणि श्रम यांनी प्रयोगशाळेत दाखवलं. एवढा उशीर होण्याचं कारण आपल्या कामाशी थेट जोडलेलं आहे. हा उत्तेजित अणू उजेड सोडण्याआधी सरासरी सुमारे ०.७ सेकंद थांबतो. नेहमीच्या दाबाला तेवढ्या वेळात असंख्य टकरी होऊन त्याची ऊर्जा निघून जाते. शंभर किलोमीटरवर हवा इतकी विरळ असते की अणूला तेवढी उसंत मिळते. अरोरात ही रेषा वरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे, मुख्यतः १०० ते १५० किलोमीटरवर उजळते. एअरग्लोत, म्हणजे वायुदीप्तीत, इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याची गरज नसते. दिवसा सूर्यप्रकाशाने फुटलेले ऑक्सिजनचे अणू रात्री पुन्हा जोडी जमवतात, त्या जोडीची ऊर्जा तिसऱ्या अणूला मिळते आणि तो उजळतो. हा थर सुमारे ९७ किलोमीटरवर असतो.

६३०.० ची लाल रेषाही ऑक्सिजनचीच, पण तिचा अणू जवळजवळ ११० सेकंद थांबतो. त्यामुळे साधारण २०० किलोमीटरच्या खाली नायट्रोजनच्या टकरी तिला बहुतांशी विझवून टाकतात. लाल रंग अरोराच्या वरच्या भागात का असतो, याचं उत्तर हेच. वायुदीप्तीत लाल उजेड सुमारे २५० किलोमीटरच्या आसपासून येतो आणि त्याचं इंधन आयनांबर, म्हणजे वरच्या हवेचा विद्युतभारित थर, पुरवतो: ऑक्सिजन रेणूचा आयन इलेक्ट्रॉन पकडून फुटतो आणि सुटलेला अणू उत्तेजित असतो. इथे नवखा माणूस हमखास फसतो. लाल उजेड वाढला म्हणजे इलेक्ट्रॉन वाढले असं नाही. आयनांबराचा थर नुसता खाली सरकला, तरी खालच्या दाट हवेत हे आयन जास्त बनतात आणि चमक वाढते. दोन्ही शक्यता वेगळ्या करायच्या असतील तर ७७७.४ ची रेषा सोबत घ्यावी. ती इलेक्ट्रॉन घनतेच्या वर्गाप्रमाणे बदलते आणि थराच्या उंचीला फारशी दाद देत नाही. ती मंद असते, पण लाल रेषेच्या जोडीला तिच्याइतकी उपयोगी दुसरी रेषा नाही.

ओएचचे, म्हणजे हायड्रॉक्सिल रेणूचे पट्टे (जवळजवळच्या रेषांचे गट) हा खरा खजिना आहे. ओझोन आणि हायड्रोजनच्या अभिक्रियेतून उत्तेजित ओएच बनतो, थर सुमारे ८७ किलोमीटरवर असतो, आणि उजेड लाल टोकापासून अवरक्तापर्यंत पसरलेला असतो. डोळ्याला तो दिसत नाही, पण सिलिकॉन सेन्सरला भरपूर मिळतो. सोडियमची ५८९ ची जोडरेषा सुमारे ९० किलोमीटरवरची. मात्र जवळपास सोडियमचे रस्तादिवे असतील तर तिचा नाद सोडून द्यावा. अरोरासाठी ४२७.८ ची निळी रेषा राखून ठेवावी. ती नायट्रोजन रेणूच्या आयनाची आहे आणि जवळजवळ तत्क्षणी उजळते.

तीव्रता ‘रेली’ या एककात मोजतात. एक रेली म्हणजे दृष्टिरेषेतल्या एक चौरस सेंटिमीटर छेदाच्या स्तंभातून दर सेकंदाला सर्व दिशांना मिळून दहा लाख फोटॉन. रेडियन्समध्ये सांगायचं तर ७.९६ गुणिले १०चा ८वा घात इतके फोटॉन दर चौरस मीटर, दर सेकंद, दर स्टेरेडियन. हिरवी वायुदीप्ती खमध्यावर, म्हणजे बरोबर डोक्यावर, साधारण २५० रेली असते. अरोराच्या पारंपरिक चार श्रेणी हिरव्या रेषेच्या १, १०, १०० आणि १,००० किलोरेलींवर बसवल्या आहेत. म्हणजे एकाच रात्री हजारो पटींची उडी येऊ शकते, आणि एकच एक्सपोजर ठरवून झोपी गेलात तर हवा तोच प्रसंग सॅच्युरेट झालेला सापडेल.

आता फिल्टर. बहुतेक घरगुती मांडण्या इथेच बिघडतात. पातळ लेपांच्या थरांनी अरुंद पट्टाच जाऊ देणाऱ्या इंटरफिअरन्स फिल्टरवर प्रकाश तिरका पडला की त्याचा पारगमन पट्टा निळ्याकडे सरकतो. फिल्टरचा प्रभावी अपवर्तनांक २ धरला, तर ५५७.७ साठी ५ अंशाला ही सरक सुमारे ०.५ नॅनोमीटर, १० अंशाला २.१ आणि ६० अंशाला ५० नॅनोमीटरहून जास्त होते. म्हणून फिशआयच्या पुढे फिल्टर लावला तर मधोमध हिरवी रेषा दिसेल आणि कडेला भलत्याच तरंगलांबीचा उजेड. लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये लावला तरी प्रश्न सुटत नाही. एफ/२.८ लेन्समधून येणाऱ्या शंकूचा अर्धकोन सुमारे १० अंश असतो, म्हणजे २ नॅनोमीटर रुंदीच्या फिल्टरमध्ये कडेचे किरण अडून राहतात.

यावरचा खरा उपाय टेलिसेंट्रिक मांडणी हा आहे. फिशआयची प्रतिमा मोठ्या भिंगाने अशी वळवायची की आकाशाच्या कुठल्याही दिशेचा मुख्य किरण फिल्टरमधून सरळच जाईल, आणि मग दुसऱ्या भिंगसंचाने ती सेन्सरवर लहान करून टाकायची. यासाठी ५० ते ७५ मिलिमीटर व्यासाचे फिल्टर लागतात. फिल्टरपाशी शंकू एफ/४ चा असेल तर कडेचे किरण ७ अंशांनी तिरके असतात आणि सरक १ नॅनोमीटरच्या आसपास राहते. त्यामुळे २ नॅनोमीटरचा फिल्टर मागवताना त्याचा मध्य बरोबर ५५७.७ वर मागू नये, ५५८.० ते ५५८.२ मागावा. शिवाय जुन्या पद्धतीच्या मऊ लेपाचे फिल्टर दर अंश सेल्सिअसला ०.०२ ते ०.०३ नॅनोमीटर सरकतात. संध्याकाळ ते पहाट वीस अंशांचा फरक पडला की अर्धा नॅनोमीटर गेलाच. फिल्टरचं चाक बंद पेटीत ठेवून तापमान स्थिर राखा. कठीण लेपाचे फिल्टर याबाबत बरेच बरे.

टेलिसेंट्रिक मांडणी परवडत नसेल तर एफ/४ वर १० नॅनोमीटरचा फिल्टर लावून सुरुवात करता येते, पण किंमत माहीत असावी. अंधाऱ्या, स्वच्छ आकाशातही तारे, राशिचक्रीय प्रकाश वगैरे मिळून अखंड पार्श्वभूमी दर नॅनोमीटरला १० रेलींच्या आसपास असते. २ नॅनोमीटरमध्ये ती २० रेली येते, १० मध्ये १००. २५० रेलींच्या हिरव्या रेषेसमोर १०० चालवून घेता येईल. लाल रेषा कित्येकदा ५० ते १०० रेलींचीच असते, तिथे हे जमत नाही. लाल रेषेचा आणखी एक त्रास म्हणजे ओएचच्या (९-३) पट्ट्याची एक रेषा ६२९.८ च्या जवळ, अगदी शेजारी बसते. रुंद फिल्टरमध्ये ८७ किलोमीटरवरच्या लाटा २५० किलोमीटरवरच्या म्हणून मिरवायला लागतात.

पार्श्वभूमी वजा करायला एक वेगळा फिल्टर लागतोच. तो वर्णपटात अशा जागी हवा, जिथे ठळक रेषा नाही आणि दिव्यांची रेषाही नाही, पाऱ्याची ५४६.१ ची रेषा हिरव्याच्या शेजारीच आहे, ती टाळावी. ५७० च्या थोडं पुढचा भाग हिरव्यासाठी बरा पडतो. पार्श्वभूमीची फ्रेम रेषेच्या फ्रेमच्या आधी आणि नंतर अशी दोनदा घेऊन मधल्या क्षणाची किंमत काढावी. एकदाच घेतली तर तेवढ्या वेळात अरोरा सरकतो आणि वजाबाकीत एका कडेला उजळ, दुसऱ्या कडेला ऋण अशी बनावट रचना उमटते. या फ्रेम वजाबाकी झाली म्हणून फेकू नका. ‘स्टीव्ह’ नावाने ओळखली जाणारी जांभळट कमान मुख्यतः अखंड वर्णपटाची आहे. हिरव्या रेषेच्या वजाबाकीत ती जवळजवळ नाहीशी होते आणि पार्श्वभूमीच्या फ्रेममध्येच ठळक दिसते.

एक्सपोजर अंदाजाने ठरवू नये, गणित करावं. समजा पिक्सेल १३ मायक्रोमीटरचा आहे आणि सेन्सरपाशी एफ/१.४ आहे. एका पिक्सेलचा प्रकाशग्रहण गुणाकार, म्हणजे क्षेत्रफळ गुणिले घनकोन, ६.८ गुणिले १०चा उणे ११वा घात इतका येतो. २५० रेलींचे फोटॉन त्यातून सेकंदाला साधारण १३ येतील. भिंगं, फिल्टर आणि सेन्सरची कार्यक्षमता मिळून ३५ टक्के धरली तर ४ ते ५ इलेक्ट्रॉन. दोन बाय दोन बिनिंग केलं, म्हणजे चार पिक्सेल एकत्र मोजले, की १९, आणि ६० सेकंदांत सुमारे १,१००. त्याचं वर्गमूळ ३३, म्हणजे ३ टक्के नॉइज. वायुदीप्तीतल्या लाटांचा चढउतार काही टक्क्यांचाच असतो, त्यामुळे अजून थोडी सरासरी लागेल हे आधीच कळतं. सीसीडीत बिनिंग वाचनाआधी होतं आणि वाचनाचा नॉइज एकदाच लागतो; बहुतेक सीमॉस सेन्सरमध्ये ते नंतर आकड्यांत होतं, तो फायदा मिळत नाही.

फिल्टरांचा क्रमही विचार करून लावावा. ८७ ते ९७ किलोमीटरवर वातावरणातले गुरुत्व तरंग, म्हणजे हवा वरखाली हिंदकळून उठणाऱ्या लाटा (खगोलातल्या गुरुत्वीय लहरींशी यांचा संबंध नाही), सुमारे ५ मिनिटांपेक्षा कमी आवर्तकाळाचे नसतात. हिरवा ६० सेकंद, लाल ९०, पार्श्वभूमी ३०, ओएच १५ असं एकामागून एक घेतलं, तर वाचन आणि चाक फिरणं धरून फेरी चार मिनिटांच्या घरात जाते, आणि पाच मिनिटांची लाट चार मिनिटांनी पाहिली की तिचा वेग आणि दिशा दोन्ही खोटे निघतात. ओएचसाठी ७१५ ते ९३० नॅनोमीटरचा रुंद फिल्टर वापरतात, ज्यात ८६५ च्या आसपासचा ऑक्सिजन रेणूचा पट्टा अडवलेला असतो. तिथे १५ ते ३० सेकंद पुरतात. म्हणून इतर प्रत्येक फिल्टरनंतर एक ओएच फ्रेम घुसवा. लाटा त्याच दाखवतील.

कॅलिब्रेशनमध्ये डार्क फ्रेम (लेन्स झाकून घेतलेली) सेन्सरच्या त्याच तापमानाला आणि त्याच कालावधीची हवी, हे वेगळं सांगायला नको. फ्लॅटसाठी (एकसारख्या उजेडाच्या फ्रेमसाठी) टंगस्टन मानक दिव्याने उजळलेला एकसारखा विसारक पडदा किंवा इंटिग्रेटिंग गोल (आतून पांढरा, उजेड सारखा पसरवणारा पोकळ गोल) लागतो. संध्याकाळचं आकाश फिशआयला एकसारखं नसतं, ते वापरू नये. दिव्यापासून रेलीवर येताना एक चूक वारंवार होते. दिवा अखंड वर्णपट देतो, आकाश एकच बारीक रेषा. दिव्यावरच्या मोजणीला दिव्याच्या ‘रेली दर नॅनोमीटर’ने भागून थांबलं, तर फिल्टरची रुंदी हिशोबात शिल्लक राहते. बरोबर रीत अशी: दिव्याची मोजणी गुणिले रेषेच्या जागचं फिल्टरचं पारगमन, भागिले दिव्याची रेली दर नॅनोमीटर आणि फिल्टरच्या पूर्ण पारगमन वक्राखालचं क्षेत्रफळ यांचा गुणाकार. निघतं ते दर रेलीची मोजणी. वक्र मात्र त्याच शंकूत आणि त्याच तापमानाला मोजलेला हवा, कारखान्याच्या कागदावरचा समांतर किरणांचा नव्हे. वरचा ॲक्रिलिक घुमट उन्हाने पिवळट होत जातो, निळ्यात जास्त. म्हणून दिव्याचं कॅलिब्रेशन वर्षातून एकदा केलं, तरी मधल्या काळात दर महिन्याला माहीत असलेल्या ताऱ्यांच्या मोजणीवरून घसरण तपासत राहावं.

भूमितीही ताऱ्यांवरूनच बसवायची. आकाशभर पसरलेले शे-दोनशे तारे घ्या, प्रतिमेच्या मध्यापासूनचं अंतर आणि खमध्यापासूनचा कोन यांच्यात एक रेषीय आणि एक घन पद बसवा, कॅमेऱ्याचा कल आणि उत्तर दिशेपासूनचं वळण सोडवा. उरलेला फरक एका पिक्सेलच्या आत आला पाहिजे.

यानंतर उंची, आणि इथे सावध राहावं लागतं, कारण एका कॅमेऱ्याला उंची दिसत नाही. ती आपण गृहीत धरतो. खमध्यापासून ७५ अंशावरचा पिक्सेल ९७ किलोमीटरच्या थरावर टाकला तर तो जमिनीवर मोजून सुमारे ३३० किलोमीटर दूर पडतो. तोच २५० किलोमीटरवर टाकला तर ७४०. रेषा चुकीची ओळखली, की नकाशा दुपटीहून जास्त चुकतो आणि लाटेचा वेगही. तिरकं बघताना थरातली वाट लांबते आणि उजेड वाढतो, ही व्हॅन राइनची दुरुस्ती. ७५ अंशाला ९७ किलोमीटरसाठी हा गुणक ३.२५ आहे, २५० किलोमीटरसाठी २.७, पृथ्वी सपाट मानली तर ३.८६ येईल, जे चूक आहे. त्यात खालच्या हवेचं शोषण आणि विखुरणं उलट दिशेने काम करतं. ७५ अंशांच्या पुढच्या आकड्यांवर निष्कर्ष उभे करू नयेत असं माझं मत आहे.

विरळ उंच ढग लाटांचं हुबेहूब सोंग घेतात. ओळखायची खूण म्हणजे ढग सगळ्या फिल्टरमध्ये, पार्श्वभूमीच्या फिल्टरमध्येही, त्याच जागी दिसतो. वरची लाट तशी दिसत नाही. हिरव्या आणि ओएचमध्ये दोन्हीकडे दिसणारी लाट बहुधा थोड्या वेळाच्या फरकाने दिसते, कारण थर दहा किलोमीटरने वरखाली आहेत. तो फरकच लाटेची उभी तरंगलांबी सांगतो. चुंबकीय विषुववृत्ताजवळ लाल रेषेत उत्तर-दक्षिण लांब, काळपट पट्टे रात्री सेकंदाला शंभर-दीडशे मीटरने पूर्वेकडे सरकताना दिसले, तर ते प्लाझ्माचे बुडबुडे, म्हणजे आयनांबरातले विरळ पडलेले भाग. उपग्रहांच्या रेडिओ संकेतांना अडखळवणारे तेच.

अरोरात सर्वांत उपयोगी जोडी ४२७.८ आणि ६३०.० ची. निळी रेषा वरून ओतली जाणारी एकूण ऊर्जा सांगते: दर चौरस मीटरला एक मिलिवॉटमागे साधारण २०० ते २५० रेली. लाल भागिले निळी हे गुणोत्तर इलेक्ट्रॉनांची सरासरी ऊर्जा सांगतं. एक किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन दीडशे किलोमीटरच्या वरच अडतात, तिथे लाल काही प्रमाणात टिकतो. दहाचे थेट १०५-११० पर्यंत उतरतात, तिथे लाल विझलेला असतो. गुणोत्तर जितकं लहान तितके इलेक्ट्रॉन जोरकस. पण लाल रेषेचे ११० सेकंद विसरू नका. कमान पुढे सरकली तरी लाल उजेड मागे रेंगाळतो, त्यामुळे झपाट्याने हलणाऱ्या अरोरात एकाच क्षणाचं गुणोत्तर निरर्थक ठरतं. ते शांत कमानींवर वापरावं. स्पंदन करणाऱ्या अरोरासाठी हिरवीसुद्धा संथ पडते. तिथे निळीच घ्यावी.

वारा आणि तापमान यांसाठी या कॅमेऱ्याच्या पलीकडे जावं लागतं. ओएचच्या (६-२) पट्ट्यातल्या ८४० ते ८४७ नॅनोमीटरमधल्या रेषांच्या गुणोत्तरावरून ८७ किलोमीटरचं तापमान निघतं. गुणोत्तरात १ टक्का चूक म्हणजे साधारण दीड केल्विन, आणि संक्रमण संभाव्यतांचा (कोणती रेषा किती सहज उजळते याचा) तक्ता बदलला की सगळी मालिका काही केल्विनने सरकते. म्हणून कोणता तक्ता वापरला ते आकड्याच्या शेजारीच लिहावं. वाऱ्यासाठी फॅब्री-पेरो लागतो, म्हणजे दोन समांतर अर्धपरावर्तक काचांच्या जोडीतून (एटलॉनमधून) रेषेची सूक्ष्म सरक मोजणारं उपकरण. ६३० नॅनोमीटरला सेकंदाला १०० मीटरचा वारा रेषा जेमतेम ०.०००२ नॅनोमीटर हलवतो, तर १,००० केल्विनला तिची स्वतःची रुंदी ०.००३६ असते. एटलॉनमधल्या हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला तर सेकंदाला ८० मीटरचा खोटा वारा तयार होतो. एटलॉन हवाबंद नसेल तर तो वाऱ्याआधी बॅरोमीटर होतो.

तुमच्या साधनांत त्यापेक्षा हाताशी असलेली पुढची पायरी दुसऱ्या कॅमेऱ्याची आहे. ५० ते १५० किलोमीटर अंतरावर तसाच कॅमेरा बसवला की अरोराची उंची गृहीत धरायची गरज उरत नाही, ताऱ्यांच्या संदर्भाने ती मोजता येते. ५० किलोमीटरच्या पायावर, ११० किलोमीटर उंचीसाठी, ०.१ अंशाची चूक उंचीत सुमारे अर्धा किलोमीटर होते. इथे भूमितीपेक्षा घड्याळ जास्त दगा देतं. अरोराच्या घड्या सेकंदाला काही किलोमीटर धावतात, त्यामुळे दोन्ही ठिकाणच्या वेळेत एका सेकंदाचा फरक पडला तरी उंची कित्येक किलोमीटरने चुकते. बरेच प्रोग्राम फाइल लिहिली गेल्याची वेळ नोंदवतात, शटर उघडल्याची नाही, आणि दोन्हींच्या मध्ये एक्सपोजरचा आणि वाचनाचा वेळ अडकलेला असतो. सेकंदाला एकदा लुकलुकणारा, जीपीएसला जोडलेला एलईडी एका रात्री घुमटाच्या कडेला ठेवून दोन्ही कॅमेऱ्यांतून त्याच्या छोट्या एक्सपोजरच्या फ्रेम घ्या, म्हणजे तुमच्या फाइलवरची वेळ खऱ्या वेळेपासून किती सरकलेली आहे ते मिळेल.